देवांना चेहरा देणारा चित्रकार : राजा रविवर्मा

बंगळुरू : या शहराच्या जुन्या पेठांमध्ये फिरताना एक गोष्ट सहज लक्षात येते. चिकपेटेतील कापडाच्या दुकानात गल्ल्याच्या मागे कमळावर उभी असलेली लक्ष्मी असते, शाळेच्या कार्यालयात खडकावर बसून वीणा वाजविणारी सरस्वती असते आणि रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारींच्या मागील काचेवर केशरी-काळ्या रंगातील हनुमानाचा करारी चेहरा असतो. हनुमानाचे हे चित्र अगदी अलीकडचे. कासरगोड जिल्ह्यातील करण आचार्य या चित्रकाराने ते २०१५ मध्ये आपल्या गावातील तरुण मंडळाच्या ध्वजासाठी तयार केले आणि बघता बघता ते सर्व दक्षिण भारतात पसरले. लक्ष्मी आणि सरस्वतीची चित्रे मात्र सव्वाशे वर्षांपूर्वीची आहेत. त्यांच्या असंख्य नकला झाल्या, रंग बदलले, चौकटी बदलल्या. परंतु उभे राहण्याची ढब आणि चेहऱ्यावरचा शांत भाव तोच राहिला. ही चित्रे ज्याच्या कुंचल्यातून उतरली तो चित्रकार म्हणजे राजा रविवर्मा.

रविवर्मा जन्माने केरळचे. पण त्यांच्या कीर्तीचा मोठा भाग बडोदे, मुंबई आणि लोणावळ्याच्या परिसरात घडला आणि त्यांच्या अखेरच्या मोठ्या कामाची मागणी म्हैसूरहून आली. त्यांच्या कुटुंबाची एक महत्त्वाची शाखा पुढे बंगळुरूत स्थायिक झाली. मराठी वाचकाला ते परके वाटत नाहीत, याला रणजित देसाई यांची त्यांच्यावरील कादंबरी हे एक कारण आहेच. तथापि कादंबरीतील रविवर्मा आणि कागदपत्रांतून दिसणारे रविवर्मा यांत अंतर आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

किळिमानूरचा मुलगा

रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. हे गाव तिरुवनंतपुरमच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर आहे. वडील एळुमाविल नीलकंठन भट्टतिरिपाद हे संस्कृतचे विद्वान होते, तर आई उमयांबा यांना काव्याची आवड होती. किळिमानूरच्या घराण्याचे त्रावणकोरच्या राजघराण्याशी जुने वैवाहिक संबंध होते. त्यामुळे घरात संस्कृत काव्य, पुराणकथा आणि कथकळी यांचा राबता होता. लहानपणी रविवर्मा कोळशाने भिंतींवर चित्रे काढीत असत, असे सांगितले जाते. मामा राजराज वर्मा स्वतः चित्र काढीत. भाच्याच्या हातातील गुण ओळखून त्यांनीच त्याला पहिले धडे दिले.

वयाच्या चौदाव्या वर्षी, १८६२ मध्ये, मामांनी त्यांना तिरुवनंतपुरमला नेले. आयिल्यम तिरुनाळ हे तेव्हा त्रावणकोरचे महाराज होते. त्यांनी मुलाला आश्रय दिला. मात्र तैलरंगाचे तंत्र शिकविण्यास कोणी उत्सुक नव्हते. दरबारातील चित्रकार रामस्वामी नायडू यांनी हातचे राखूनच शिकविले. १८६८ मध्ये डेन्मार्कमध्ये जन्मलेले ब्रिटिश चित्रकार थिओडोर जेन्सन राजघराण्याची व्यक्तिचित्रे काढण्यासाठी आले. त्यांनीही रविवर्मा यांना शिकवण्याचे मान्य केले नाही. काम करताना बाजूला उभे राहून पाहण्याची परवानगी तेवढी दिली. रविवर्मा यांचे शिक्षण ते एवढेच. कोणत्याही कलाशाळेत ते गेले नाहीत. रंग कसा घोटावा, सावली कशी द्यावी, रेशमाची चकाकी कशी पकडावी, हे सारे त्यांनी पाहून आणि चुकून शिकून घेतले. त्याआधीच, १८६६ मध्ये, मावेलिक्करा राजघराण्यातील भागीरथीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता.

१८७३ हे वर्ष त्यांना यश देणारे ठरले. केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीचे त्यांचे चित्र मद्रासच्या प्रदर्शनात गव्हर्नरांच्या सुवर्णपदकास पात्र ठरले आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातही त्याला पारितोषिक मिळाले. तीनच वर्षांनी त्यांनी कमलपत्रावर पत्र लिहिणारी शकुंतला रंगविली. संस्कृतचे इंग्रज पंडित मोनियर विल्यम्स यांनी आपल्या शाकुंतलाच्या भाषांतरासाठी हेच चित्र निवडले. कालिदासाची नायिका प्रथमच तैलरंगात, हाडामांसाच्या तरुणीच्या रूपात अवतरली होती.

देवांनी काय नेसावे?

आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण त्या काळी तिला मोठा अर्थ होता. रविवर्मांपूर्वी भारतात देवांची चित्रे नव्हती असे नाही. तंजावरला, भोसले राजांच्या आश्रयाने, सोन्याचा वर्ख लावलेली देवचित्रे बनत होती. म्हैसूरची स्वतंत्र शैली होती. पैठण शैलीची चित्रे होती आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीच्या पोथ्या उलगडून रामायण-महाभारत सांगत होते. परंतु या प्रत्येक ठिकाणचा राम वेगळा दिसे. तंजावरचा बाळकृष्ण गोरापान आणि गुबगुबीत, तर पिंगुळीचे वीर टोकदार नाकाचे आणि मोठ्या डोळ्यांचे. देशावरच्या घरांतून तर देव म्हणजे देव्हाऱ्यातील चांदीचे टाक किंवा शेंदूर लावलेला तांदळा. चेहरा मानवी असलाच पाहिजे, असा आग्रहच नव्हता.

रविवर्मा यांच्यासमोर १८८८ मध्ये नेमका हाच प्रश्न उभा राहिला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी आपल्या नव्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी त्यांच्याकडे १४ पौराणिक चित्रांची मागणी केली. सयाजीरावांशी त्यांचा परिचय जुना होता. राज्याधिकार ग्रहण करण्याच्या १८८१ च्या समारंभानिमित्त रविवर्मा बडोद्याला येऊन गेले होते. हा दुवा जुळविला होता दिवाण सर टी. माधवराव यांनी. तंजावरकडील या मराठी भाषक मुत्सद्द्याने आधी त्रावणकोरची आणि नंतर बडोद्याची दिवाणगिरी केली. रविवर्मांच्या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, एका चित्रकाराच्या हाताने एवढ्या मोठ्या देशाची मागणी पुरी होणार नाही, ही सूचनाही माधवरावांचीच. ती त्यांनी केली तेव्हा रविवर्मांनी ती लगेच अमलात आणली नाही. पण ती त्यांच्या मनात घर करून राहिली असावी.

बडोद्याच्या मागणीसाठी रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांनी उत्तर भारताचा दीर्घ प्रवास केला. दमयंती, सुभद्रा, द्रौपदी यांचा पोशाख कसा असावा, याचा ते शोध घेत होते. सर्व देशाला आपला वाटेल असा एकच प्राचीन वेश कुठेतरी सापडेल, ही आशा फोल ठरली. प्रांत बदलला की नेसण बदलत होती. अखेर त्यांनी स्वतःच एक तोडगा काढला. दागिने बहुतांशी दक्षिणेकडचे, चेहऱ्याची ठेवण मलबारची आणि अनेक नायिकांच्या अंगावर महाराष्ट्रीय पद्धतीची नऊवारी. बंधुद्वयाला नाटके पाहण्याचा नाद होता आणि मराठी रंगभूमीवर तेव्हा संगीत नाटकाची नवी लाट होती. अण्णासाहेब किर्लोस्करांचे शाकुंतल १८८० मध्येच रंगभूमीवर आले होते. रविवर्मांच्या चित्रांतील पात्रांचे उभे राहणे, हात उंचावणे, मान वळविणे पाहिले की रंगमंचावरचा पडदा नुकताच वर गेला आहे असे वाटते. टीकाकारांनी पुढे याला दोष मानले. आपल्या मते मात्र लोकांना ही चित्रे चटकन कळली ती याच नाटकीपणामुळे.

पुराणातील अद्भुत प्राणी हा या चित्रांचा वेगळाच विषय आहे. नलदमयंतीची कथा महाभारताच्या वनपर्वात येते आणि मराठीत रघुनाथ पंडितांनी ती सुंदर श्लोकांत आणली. मूळ कथेतील हंस सुवर्णाने मढलेला, मनुष्यवाणीने बोलणारा. रविवर्मांनी १८९९ मध्ये रंगविलेल्या प्रसिद्ध चित्रात तो कठड्यावर बसलेला पांढराशुभ्र पक्षी आहे. चमत्कार पक्ष्याच्या अंगावर न दाखविता तो दमयंतीच्या ऐकण्यात दाखविला आहे. जटायूच्या चित्रात याच्या उलट. रावणाने तलवार उगारली आहे, सीतेने तोंड झाकून घेतले आहे आणि पंख तुटलेले गिधाड आकाशातून कोसळत आहे. अरण्यकांडातील हा पक्षिराज अनेक जुन्या चित्रांत अलंकारासारखा येतो. इथे तो खरोखर मरतो आहे. देवादिकांना माणसाचे शरीर देताना रविवर्मांनी पशुपक्ष्यांना त्यांचे स्वतःचे शरीर परत दिले, असे म्हणता येईल.

मुंबईचा छापखाना

१८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात रविवर्मांची दहा चित्रे गेली आणि त्यांना दोन पदके मिळाली. भारतीय स्त्रियांचे विविध प्रांतांतील जीवन हा त्यांचा विषय होता. स्वामी विवेकानंद त्याच वर्षी त्याच नगरीत सर्वधर्म परिषदेला उपस्थित होते. एव्हाना रविवर्मा देशातील सर्वांत प्रसिद्ध चित्रकार होते. एखाद्या संस्थानाने त्यांना बोलावले नाही तर त्या संस्थानाला कमीपणा वाटावा, अशी परिस्थिती होती. यापुढे राजेरजवाड्यांची चित्रे काढून सुखाने राहणे त्यांना शक्य होते. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला.

गोवर्धनदास खटाव मकनजी हे मुंबईचे व्यापारी त्यात भागीदार होते. यंत्रे जर्मनीहून आली आणि तंत्रज्ञही तिकडूनच आले. शिळाछपाईचे हे तंत्र मोठे कष्टाचे असे. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या जड शिळेवर तेलकट खडूने चित्र उतरवायचे, शिळा पाण्याने ओली करायची आणि वर शाईचा रूळ फिरवायचा. पाणी असलेली जागा शाई घेत नाही, तेलकट रेषा मात्र शाई धरते. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागे. एकाच कागदावर एकामागून एक सारे रंग केसाचाही फरक न पडता बसावे लागत. शेवटी वॉर्निश देऊन कागदाला तैलचित्राची चमक आणली जाई. अशा छापील चित्रांना ओलिओग्राफ म्हणत. घराघरांत मात्र त्यांचे नाव तसबीर असेच रूढ झाले. या छापखान्यातून बाहेर पडलेले पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे होते. त्यानंतर लक्ष्मी आली, सरस्वती आली, शेषावर पहुडलेले विष्णू आले, गरुडावर आरूढ झालेले विष्णू आले आणि जटा पसरून गंगेची वाट पाहणारे शंकर आले.

राजवाड्याच्या भिंतीवर असलेले चित्र पाहण्याची सोय फार थोड्यांना होती. देवळातील मूर्तीपर्यंत पोहोचण्याची मुभा तर देशातील कोट्यवधी लोकांना नव्हतीच. ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्या झोपडीत बाजारातून आणलेली देवाची तसबीर लागू शकली. तिला हात लावायला, हार घालायला, तिच्यासमोर दिवा लावायला पुजाऱ्याची गरज नव्हती. रविवर्मांनी हे सामाजिक सुधारणेच्या हेतूने केले, असे मानण्यास आधार नाही. ते परंपरा मानणारे, उच्च कुळातील गृहस्थ होते. परिणाम मात्र त्यांच्या हेतूपेक्षा पुष्कळ मोठा झाला. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला. त्रावणकोर संस्थानाने सर्व हिंदूंना मंदिरे खुली केली ती १२ नोव्हेंबर १९३६ रोजी. त्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणारे महाराज चित्तिर तिरुनाळ हे रविवर्मांचे पणतू होते. पणजोबांच्या तसबिरी त्याच्या चार दशके आधीच मंदिराबाहेरच्या लोकांपर्यंत पोहोचल्या होत्या.

या घटनेला दुसरी बाजूही आहे. एकाच कारखान्यातून निघालेली लक्ष्मी काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत गेली, तेव्हा गावोगावच्या वेगवेगळ्या लक्ष्मी हळूहळू मागे पडल्या. देवी म्हणजे गोरी, सुखवस्तू घरातील, भरजरी वस्त्रे नेसलेली स्त्री, ही समजूत पक्की झाली. पिंगुळीच्या चित्रकथीला प्रेक्षक कमी होत गेले, त्याची कारणे अनेक आहेत आणि सारा दोष छापील तसबिरींवर टाकणे अन्यायाचे होईल. पण त्यांचा वाटा नाही असेही म्हणवत नाही. टाकावरील खंडोबाला चेहऱ्याची गरज नव्हती. कॅलेंडरवरील खंडोबाला ती लागली.

धंदा म्हणून छापखाना रविवर्मांना लाभला नाही. १८९६ पासून मुंबईत प्लेगने थैमान घातले, कामगार शहर सोडून जाऊ लागले. भागीदाराशी मतभेद झाले आणि कर्ज वाढत गेले. १८९९ मध्ये छापखाना मुंबई-पुणे लोहमार्गावरील मळवली येथे, कार्ल्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी, हलविण्यात आला. तरीही तोटा भरून निघाला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्याच काही वर्षांत रविवर्मांनी तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना, चित्रे छापण्याच्या हक्कांसह विकून टाकला. श्लायशर व्यवहारात चतुर निघाले. देवांच्या चित्रांबरोबर त्यांनी कॅलेंडरे, जाहिराती आणि वेष्टणांवरील चित्रे छापली. पुढे अनेक दशके देशात ज्याला रविवर्मा प्रेसचे चित्र म्हटले गेले, त्याचा पैसा रविवर्मांच्या घरी गेला नाही. त्यांपैकी पुष्कळ चित्रे तर त्यांनी काढलेलीही नव्हती. छापखान्यातील अनाम कारागिरांनी त्यांच्या धाटणीत ती तयार केली होती. या कारागिरांविषयी फारसे लिहिले गेले नाही, हा आपल्या कलेतिहासातील एक मोठा उणेपणा म्हणावा लागेल.

म्हैसूरची शेवटची मागणी

म्हैसूरशी रविवर्मांचा संबंध १८८५ पासूनचा. महाराज चामराजेंद्र वाडियार यांनी राजपरिवाराची व्यक्तिचित्रे काढण्यासाठी त्यांना तेव्हा आमंत्रित केले होते. जगन्मोहन राजवाड्यात असलेले, निरनिराळ्या प्रांतांतील अकरा स्त्रिया एकत्र बसलेले वादकवृंदाचे सुप्रसिद्ध चित्रही याच संबंधातून म्हैसूरला आले. १९०४ मध्ये कृष्णराज वाडियार चौथे यांनी त्यांच्याकडे नऊ पौराणिक चित्रांची मागणी नोंदविली. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. या सन्मानाच्या कागदपत्रात त्यांच्या नावामागे राजा हा शब्द आला आणि तो कायमचा चिकटला. ते कोणत्याही संस्थानाचे अधिपती नव्हते, त्यामुळे काहींनी हरकतही घेतली. लोकांनी ती ऐकली नाही.

म्हैसूरचे काम हाती असतानाच त्यांच्यावर मोठा आघात झाला. १९०५ च्या प्रारंभी धाकटे बंधू राजराज वर्मा यांचे निधन झाले. ते स्वतः उत्तम निसर्गचित्रकार होते. थोरल्या भावाच्या अनेक चित्रांतील पार्श्वभूमी त्यांच्या हातची आहे. प्रवासाची व्यवस्था, पत्रव्यवहार, छापखान्याचे हिशेब, गिऱ्हाइकांच्या गाठीभेटी हे सारे तेच पाहत. त्यांनी इंग्रजीत लिहिलेली दैनंदिनी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि रविवर्मांच्या कार्यपद्धतीविषयी खात्रीची माहिती प्रथमच एवढ्या विस्ताराने उपलब्ध झाली. त्या दैनंदिनीत कादंबरीत किंवा चित्रपटात दिसणारा उधळा, विलासी कलावंत सापडत नाही. नियमित काम करणारे, आगगाडीच्या वेळा सांभाळणारे, पैशाच्या चिंतेत असणारे दोन भाऊ सापडतात.

भावाच्या पश्चात रविवर्मा खचले. मधुमेहाने शरीर पोखरले होते. तरीही म्हैसूरची चित्रे त्यांनी पुरी केली. कौरवांच्या सभेत दूत म्हणून गेलेला कृष्ण आणि समुद्राचा गर्व उतरविण्यासाठी धनुष्य सज्ज करून खडकावर उभा ठाकलेला राम ही त्यांतील दोन महत्त्वाची चित्रे. रामाच्या चित्रात खवळलेला समुद्र जवळजवळ सारी चौकट व्यापतो आणि लाटांतून वरुण हात जोडून वर येतो. साठीच्या उंबरठ्यावरील आजारी माणसाने, पार्श्वभूमी रंगविणारा भाऊ सोबत नसताना, हा समुद्र रंगविला हे लक्षात घेतले की चित्राकडे पाहण्याची नजर बदलते.

२ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथे रविवर्मा यांचे निधन झाले. त्यांचे वय ५८ वर्षांचे होते.

मृत्यूनंतरचे वाद आणि वारसा

त्यांच्या निधनानंतर कलाक्षेत्रात त्यांची प्रतिष्ठा झपाट्याने घसरली. ई. बी. हॅवेल, आनंद कुमारस्वामी आणि भगिनी निवेदिता यांनी त्यांच्या चित्रांवर कठोर टीका केली. युरोपचे तंत्र उसने घेऊन त्यांनी देवांना सामान्य माणसांच्या पातळीवर आणले, हा मुख्य आक्षेप होता. अवनींद्रनाथ ठाकुरांच्या बंगाली संप्रदायाचा उदय त्याच सुमारास होत होता. स्वदेशीच्या त्या काळात अजिंठ्याची रेषा राष्ट्रीय ठरली आणि रविवर्मांचा तैलरंग परकीय ठरला. जाणकारांनी त्यांना नाकारले तेव्हाही घराघरांतील भिंतींवरून ते उतरले नाहीत. सरकारने १९७१ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले आणि १९७९ मध्ये त्यांची चित्रे राष्ट्रीय कलानिधी म्हणून घोषित झाल्याने देशाबाहेर नेण्यास मनाई झाली.

जाणकारांचा वाद चालू असताना त्यांची दृष्टी दुसऱ्याच माध्यमात शिरली होती. छपाईचे तंत्र आत्मसात करण्यासाठी मळवलीच्या छापखान्यात काम केलेला एक तरुण पुढे स्वतःचा छापखाना काढून बसला आणि नंतर तोही सोडून चलच्चित्रांकडे वळला. ते म्हणजे दादासाहेब फाळके. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात त्यांचा राजा हरिश्चंद्र प्रदर्शित झाला, तेव्हा प्रेक्षकांना पडद्यावरील राजा, राणी आणि ऋषी ओळखीचे वाटले, कारण त्यांची वेशभूषा आणि मांडणी भिंतीवरील तसबिरींतून आलेली होती. फाळके यांनी १९३७ मध्ये काढलेला अखेरचा चित्रपट आणि एकमेव बोलपट गंगावतरण हा होता. रविवर्मांच्या एका अतिशय लोकप्रिय ओलिओग्राफचा विषयही हाच. पौराणिक बोलपट, दिनदर्शिका आणि १९८७ नंतर दूरदर्शनवरील रामायण व महाभारत या मालिका ही त्याच वाटेवरील पुढची मुक्कामाची ठिकाणे होत.

या वाटेवर बंगळुरूचेही एक ठिकाण आहे. अमर चित्रकथा म्हटली की मुंबई आणि अनंत पै यांचेच नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु या नावाची पुस्तके प्रथम निघाली ती १९६५ मध्ये कन्नड भाषेत, इंडिया बुक हाउसच्या बंगळूर शाखेतील जी. के. अनंतराम यांच्या पुढाकाराने. त्या सुरुवातीच्या दहा पुस्तकांत पाश्चात्त्य परीकथा होत्या. पै यांनी भारतीय विषय हाती घेतला तो अकराव्या क्रमांकाच्या कृष्ण या पुस्तकापासून, आणि त्याची चित्रे राम वाईरकर यांनी काढली. अमर चित्रकथेतील देवदेवता, त्यांचे मुकुट, पितांबरे आणि राजवाड्यांचे खांब पाहिले की रविवर्मांच्या तसबिरी आठवल्यावाचून राहत नाहीत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत वाढलेल्या पिढीने महाभारत वाचले ते बहुधा याच पानांतून.

रविवर्मांच्या दोन नाती १९०० मध्ये त्रावणकोर राजघराण्यात दत्तक गेल्या होत्या. त्यांपैकी महाराणी सेतु लक्ष्मीबाई यांनी १९२४ ते १९३१ या काळात संस्थानाचा कारभार पाहिला. वायकोम सत्याग्रहाचा प्रश्न त्यांच्याच कारकिर्दीत हाताळला गेला. संस्थाने विलीन झाल्यावर त्या तिरुवनंतपुरमचा राजवाडा सोडून बंगळूरला आल्या आणि १९८५ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. त्यांची नात रुक्मिणी वर्मा या चित्रकार म्हणून नावाजल्या. राजा रविवर्मा हेरिटेज फाउंडेशन ही संस्थाही याच शहरात स्थापन झाली. चित्रांचे जतन आणि अस्सल-नक्कल यांची पारख हे तिचे कार्यक्षेत्र. बंगळुरूचे वकील आणि संग्राहक गणेश शिवस्वामी यांनी रविवर्मांवर अनेक खंडांचा ग्रंथ लिहिला आहे, तर २०२३ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी या संग्रहालयाने छापील देवचित्रे आणि कापडाच्या गठ्ठ्यांवर चिकटविली जाणारी रंगीत लेबले यांनाही संग्रहात जागा दिली आहे. कधी काळी रद्दीत जाणारा हा कागद आता काचेमागे ठेवला जातो.

मळवलीच्या छापखान्याला १९७२ मध्ये आग लागली आणि त्यात शिळा, यंत्रे व छापील प्रती मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या. उरल्या त्या घरोघरी टांगलेल्या तसबिरी. त्यांतील काहींवर घरच्या स्त्रियांनी खरे कापड, जर आणि टिकल्या शिवून लावलेल्या आढळतात. लक्ष्मीच्या छापील लुगड्यावर खरेखुरे रेशीम बसविलेले, गळ्यात खऱ्या मण्यांची माळ. छापखान्यातून एकसारख्या निघालेल्या प्रती अशा रीतीने घरी आल्यावर पुन्हा वेगळ्या झाल्या. हे काम करणाऱ्या स्त्रियांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात गेलेले पर्यटक हमखास एका चित्रासमोर थांबतात. हाताच्या आडोशाने समई जपणारी तरुणी आणि तिच्या बोटांच्या फटींतून झिरपणारा लालसर प्रकाश असे ते चित्र आहे. बहुतेक जण ते रविवर्मांचे समजून घरी परततात. प्रत्यक्षात ते जलरंगातील चित्र सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी आपल्या कन्येला समोर उभे करून, रविवर्मांच्या निधनानंतर सुमारे चार दशकांनी काढले आहे.